उन्हाळ्यात फ्रीझरचं बिल का चढतं? कंप्रेसरची वीज नेमकी कुठे वाचते

मार्च लागला की बेळगावच्या बाजारपेठेतला मिठाईवाला, मडगावचा मासळी व्यापारी आणि इंदूरचा आईस्क्रीमवाला एकाच गोष्टीवर बोलत असतात. विजेचं बिल. माल तेवढाच, फ्रीझर तेवढेच, दुकानाच्या वेळाही त्याच. बिल मात्र वाढलेलं. मग मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, हात लावून बघतो आणि ठरलेलं उत्तर देतो: ‘गॅस कमी झालाय’ किंवा ‘कंप्रेसर जुना झाला, बदला.’

कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष कंप्रेसरमध्ये नसतो, तो त्याच्या आजूबाजूला असतो. कंप्रेसर बिचारा सांगितलेलं काम करत असतो. आपणच त्याचं काम अवघड करून ठेवलेलं असतं. वीज कंपनी कर्नाटकातली असो, गोव्याची, मध्य प्रदेशची की महाराष्ट्राची, दर वेगळे असतील, पण यंत्राचा हिशोब सगळीकडे सारखाच. तो हिशोब एकदा समजला की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, हे दुकानदाराला स्वतःला ठरवता येतं.

विहिरीचं पाणी आणि फ्रीझरची उष्णता

फ्रीझर ‘थंडी तयार’ करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे इव्हॅपोरेटरमध्ये, गॅसचा द्रव उकळून वाफ होतो आणि उकळताना मालाची उष्णता शोषून घेतो. ती वाफ कंप्रेसर ओढतो, दाबून गरम करतो आणि बाहेरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ढकलतो. तिथे ती उष्णता हवेत सोडून पुन्हा द्रव होते. मग बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू.

हे विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं आहे. आतल्या कॉइलचं तापमान म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी आणि बाहेरच्या जाळीचं तापमान म्हणजे काठ. या दोन्हींतलं अंतर जितकं जास्त, तितका दोर लांब आणि तितके श्रम जास्त. पाणी तेवढंच निघतं, घाम मात्र जास्त गाळावा लागतो.

आकड्यांत बघू. आतली कॉइल उणे १० अंशांवर आणि बाहेरची जाळी ४५ अंशांवर असेल, तर उचल ५५ अंशांची. जाळी धुळीने बुजली, तिचं तापमान ५५ अंशांवर गेलं, की उचल ६५ अंशांची झाली. नुसत्या सैद्धांतिक हिशोबानेच त्याच थंडाव्यासाठी सुमारे १८ टक्के जास्त वीज लागते. आता दुसरी बाजू. जाळी ४५ अंशांवरच आहे, पण आतल्या कॉइलवर बर्फ साचल्यामुळे ती उणे १० वरून उणे १५ वर उतरली. इथेही साधारण ११ टक्के जास्त वीज. शिवाय वाफ विरळ झाल्यामुळे कंप्रेसरच्या एका फेरीत कमी गॅस ओढला जातो, म्हणून तो तासन्‌तास चालत राहतो.

प्रत्यक्षातला ढोबळ नियम असा: बाहेरच्या जाळीचं तापमान १ अंशाने खाली आणलं, किंवा आतल्या कॉइलचं १ अंशाने वर नेलं, तर कंप्रेसरची वीज साधारण २ ते ३ टक्के वाचते. या लेखात पुढे जे काही आहे, ते या एका नियमाभोवतीच फिरतं.

पहिलं काम: बाहेरची जाळी

सगळ्यात स्वस्त बचत इथे आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच. मिठाईच्या दुकानात आणि बेकरीत तर विचारूच नका. तळणीची वाफ आणि मैद्याची भुकटी एकत्र येऊन जाळीवर चिकट थर बसतो. तो नुसत्या झाडूने निघत नाही. मशीन बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने आणि गरज पडली तर कॉइल धुण्याच्या सौम्य द्रावणाने तो काढावा लागतो. जाळीची पानं पातळ अ‍ॅल्युमिनियमची असतात. ती वाकली की हवेची वाट बंद. तळणीजवळच्या फ्रीझरची जाळी महिन्यातून एकदा आणि इतर दुकानांत निदान दोन-तीन महिन्यांतून एकदा साफ करावी.

दुसरी गोष्ट जागेची. दुकान छोटं, म्हणून फ्रीझर भिंतीला अगदी चिकटवला जातो आणि उरलेल्या फटीत रिकामे खोके कोंबले जातात. मग जाळीतून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा जाळीतच शिरते. खोलीत ३४ अंश असताना जाळीला ४० अंशांची हवा मिळते. कंपनीच्या पुस्तिकेत जेवढी मोकळी जागा सांगितलेली असते, तेवढी सोडा. दोन फ्रीझर असे ठेवू नका की एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर येईल.

छपरावर किंवा मागच्या बोळात कंडेन्सिंग युनिट बसवलं असेल तर त्यावर सावली करा, पण वरून झाकू नका. पत्र्याची शेड इतकी खाली आणू नका की गरम हवा तिच्याखालीच कोंडेल.

गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे: खारी हवा. अ‍ॅल्युमिनियमची पानं तिथे गंजून पांढऱ्या पिठासारखी गळतात. वरून जाळी शाबूत दिसते, पण पानं नळीपासून सुटलेली असतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. किनाऱ्यालगत नवं युनिट घेताना गंजरोधक लेप दिलेली कॉइल मागा, आणि असलेल्या कॉइलवरचं मीठ अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन काढा.

आतली बाजू: जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं नव्हे

आईस्क्रीम आणि गोठवलेल्या मालासाठी उणे १८ अंश हे सर्वमान्य तापमान. पाश्चराइज केलेलं दूध ४-५ अंशांच्या आसपास. तरी उन्हाळा आला की अनेक जण ‘असू दे’ म्हणून थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवतात. उणे १८ पुरत असताना उणे २४ ठेवलं, तर वरच्या नियमाने १२ ते १८ टक्के वीज फुकट गेली.

बटाट्याच्या शीतगृहात तर जास्त थंडी मालच बिघडवते. चिप्सचा बटाटा फार थंड ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चकती काळपट पडते. म्हणून तो बियाण्याच्या बटाट्यापेक्षा कितीतरी वरच्या तापमानाला ठेवतात. माळवा भागातल्या शीतगृहवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. म्हणजे इथे वीज वाचवणं आणि माल वाचवणं ही दोन वेगळी कामं नाहीतच.

एक सावधगिरी मात्र हवी. मालाला लागणाऱ्या तापमानाशी तडजोड करून वीज वाचवायची नाही. डिजिटल डिस्प्लेवर विसंबू नका. २००-३०० रुपयांचा साधा थर्मामीटर मालाच्या मध्ये ठेवून खरं तापमान बघा आणि मगच थर्मोस्टॅटला हात लावा.

दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, तपासायची सोपी युक्ती: दारात एक नोट किंवा कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला जात असेल तर तिथून हवा आत जाते. ही हवा नुसती गरम नसते, दमट असते. त्यातली वाफ कॉइलवर बर्फ होऊन बसते, म्हणजे नुकसान दुहेरी. पावसाळ्यात बेळगाव, खानापूर, सावंतवाडी पट्ट्यात कॉइलवर बर्फ लवकर साचतो, तो यामुळेच. रबराचा खर्च काही शे रुपयांचा. तो पुढे ढकलण्यासारखा नाही.

बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा. चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. नळीला भोक पडलं की गॅस गेला आणि हजारोंचा खर्च उभा राहिला. आपोआप डीफ्रॉस्ट होणाऱ्या यंत्रात उलटी चूक होते: बर्फ नसतानाही हीटर दिवसातून ठरावीक वेळा तापत राहतो. कोरड्या ऋतूत त्याच्या वेळा कमी करता येतात का, हे मेकॅनिकला विचारा.

आणि हे लक्षात ठेवा: फ्रीझरच्या आत जी वीज जळते तिचे पैसे दोनदा द्यावे लागतात. आतल्या पंख्याने किंवा दिव्याने १०० वॉट घेतले की तेवढी उष्णता आत पडते आणि ती बाहेर काढायला कंप्रेसरला आणखी साधारण ५० वॉट लागतात. म्हणूनच शोकेसमधल्या जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवणं, जुन्या पंख्यांच्या जागी ईसी मोटरचे पंखे घालणं, रात्री उघड्या शोकेसवर पडदा ओढणं, या साध्या दिसणाऱ्या गोष्टींचा पैसा लवकर वसूल होतो.

‘गॅस भरून घ्या’ याचा अर्थ

फ्रीझरमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. यंत्रणा बंदिस्त असते. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मेकॅनिकने नायट्रोजनने दाब देऊन, साबणाच्या पाण्याने किंवा लीक डिटेक्टरने जागा शोधावी, ती ब्रेझिंगने बंद करावी, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढावी आणि मग वजनकाट्यावर मोजून, मशीनच्या पाटीवर लिहिला आहे तेवढाच आणि तोच गॅस भरावा.

अंदाजाने जास्त भरला तरी नुकसान. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, दाब वाढतो, वीज वाढते. व्हॅक्यूम न करता भरला तर आत राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये अडकून तोच परिणाम करते.

आणि एक गोष्ट जिवाची. हल्लीच्या बऱ्याच नव्या फ्रीझरमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन किंवा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. हे गॅस कार्यक्षम आहेत, पण ज्वालाग्राही आहेत. ज्या मशीनवर तशी पाटी आहे त्याचं काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. जुन्या आर-१३४ए किंवा आर-२२ च्या मशीनमध्ये ‘स्वस्तात पडतं’ म्हणून प्रोपेन भरू देऊ नका. त्या मशीनचे स्विच आणि रिले ठिणगी धरून बनवलेले नसतात.

दूध, बर्फ आणि शीतगृह: मोठ्या यंत्रणांचा हिशोब

डेअरीचं उदाहरण घ्या. १०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर साधारण साडेतीन युनिटांइतकी उष्णता काढावी लागते. यंत्रणा बरी असेल तर त्यासाठी दीड युनिटच्या आसपास वीज लागते. पण टाकीत जाण्याआधी हेच दूध प्लेट कूलरमधून साध्या विहिरीच्या पाण्याने २८ अंशांवर आणलं, तर कंप्रेसरचं जवळपास पाचवा हिस्सा काम आधीच कमी झालं. ते कोमट झालेलं पाणी धुण्याला किंवा जनावरांना वापरता येतं. कंप्रेसरमधून निघणाऱ्या गरम वाफेवर डी-सुपरहीटर बसवला तर कॅन आणि भांडी धुण्याचं गरम पाणीही जवळजवळ फुकट मिळतं.

बर्फाच्या कारखान्यातही तेच तत्त्व. ३० अंशांच्या १ टन पाण्याचा बर्फ करायचा तर सुमारे १३० युनिटांइतकी उष्णता काढावी लागते. त्यातला मोठा भाग पाणी गोठवण्यातच जातो. पाणी ३० ऐवजी २५ अंशांचं मिळालं तर चार टक्क्यांच्या वर काम कमी. म्हणून डब्यांत भरायच्या पाण्याची टाकी उन्हात नको, सावलीत हवी. मिठाच्या पाण्याचं, म्हणजे ब्राइनचं, तापमान घाईत उणे १४-१५ पर्यंत नेलं तर लादी लवकर होते, पण प्रत्येक लादी महाग पडते आणि फुटतेही जास्त. मासेमारीच्या हंगामात मागणी असते हे खरं. पण मागणी नसलेल्या दिवसांतही तेच तापमान चालू ठेवण्यात अर्थ नाही.

अमोनियाच्या यंत्रणेत दोन गोष्टी नेहमी मागे पडतात. एक, कंडेन्सरमध्ये साचलेली हवा. कंप्रेसर बंद करून पाणी फिरत ठेवा; यंत्रणा स्थिर झाल्यावर दाब आणि तापमान तक्त्याशी ताडून बघा. त्या तापमानाला असायला हवा त्यापेक्षा दाब जास्त असेल तर आत हवा आहे. ती पर्ज करायला हवी. दुसरी, तेल. अमोनियाच्या द्रवापेक्षा तेल जड असतं. ते कॉइलच्या तळाशी बसतं आणि उष्णता अडवतं. ते ठरावीक काळाने काढावं लागतं. पण ही दोन्ही कामं एकट्याने, मास्कशिवाय करायची नाहीत. अमोनियाची गळती माणसाचा जीव घेते. वीज वाचवण्याच्या नादात सुरक्षेला सुट्टी नको.

पाण्यावर चालणाऱ्या इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरचा फायदा हवेच्या कोरडेपणावर ठरतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात तो कमालीचा उपयोगी; बाहेर ४२ अंश असले तरी कंडेन्सर त्याहून खाली राहू शकतो. किनारपट्टीच्या दमट हवेत फायदा कमी. आणि पाणी जड असेल तर नळ्यांवर क्षार बसतात, मग कोरड्या हवेचाही उपयोग होत नाही. पाण्याची प्रक्रिया हा विजेचाच खर्च समजा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, रात्री थंड असतात. तरी अनेक शीतगृहांत कंडेन्सरचा दाब बारा महिने, चोवीस तास एकाच आकड्यावर धरून ठेवलेला असतो. योग्य व्हॉल्व्ह असतील तर थंड रात्री तो दाब खाली उतरू देता येतो. ही बचत नुसत्या सेटिंगची आहे. अथणी-विजयपूरचा बेदाणा ज्या तासगाव-सांगली पट्ट्यातल्या शीतगृहांत महिनोन्‌महिने राहतो, तिथे वीज वाचली तर भाडं आवाक्यात ठेवायला वाव राहतो आणि त्याचा फायदा शेवटी शेतकऱ्यापर्यंत पोचू शकतो.

इन्व्हर्टर घ्यावा का?

साधा कंप्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण बंद. इन्व्हर्टर किंवा व्हीएफडी असलेला गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. वेग कमी झाला की जाळीवर भार कमी पडतो, उचल कमी होते आणि वीज वाचते. पंख्यांमध्ये तर फायदा फारच मोठा: पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते.

पण ज्याचा भार दिवस-रात्र बदलतो त्यालाच हा खर्च परवडतो. बर्फाचा कारखाना हंगामात चोवीस तास पूर्ण भाराने चालत असेल, तर तिथे व्हीएफडीला काम काय? उलट मोठ्या शीतगृहात माल भरून झाल्यावर भार पडतो आणि स्क्रू कंप्रेसर अर्ध्या क्षमतेवर चालत राहतो. तिथे तो निम्म्या कामासाठी निम्म्याहून बरीच जास्त वीज खातो. अशा ठिकाणी एका यंत्राला व्हीएफडी आणि बाकीची पूर्ण भारावर, अशी मांडणी चांगली.

नवं घेताना

डीप फ्रीझरवर ऊर्जा दक्षता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, स्टार लेबल बघा. तारेपेक्षा त्यावर छापलेला वर्षाचा युनिटांचा आकडा महत्त्वाचा. तो दराने गुणला की वर्षाचा खर्च समजतो. स्वस्त फ्रीझर बहुतेक वेळा तिथे महाग ठरतो.

गॅसही बघून घ्या. आर-४०४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ३,९०० पट तापमानवाढ करणारा आहे. आर-२९० चा हा आकडा त्यापुढे नगण्य आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. आर-२२ तर २०३० पर्यंत हद्दपार होत आला आहे. आज आर-२२ चं जुनं मशीन ‘स्वस्तात मिळालं’ म्हणून घेणाऱ्याला उद्या गॅस मिळवताना त्रास होईल.

बिलातले दोन छुपे खर्च

कंप्रेसरची मोटर पॉवर फॅक्टर खाली ओढते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येतं, म्हणजे खराब पॉवर फॅक्टरची किंमत थेट युनिटांत मोजावी लागते. इतर राज्यांतल्या मोठ्या ग्राहकांनी आपल्या बिलात पॉवर फॅक्टरचा रकाना शोधून वाचावा. योग्य मापाचे, चालू स्थितीतले कपॅसिटर हा त्यावरचा उपाय. जळलेले कपॅसिटर पॅनेलमध्ये वर्षानुवर्षे शोभेला पडून असतात.

दुसरा खर्च मागणीचा. लाइट गेली आणि परत आली की सगळे कंप्रेसर एकदम उठतात आणि महिन्याची कमाल मागणी तिथेच नोंदली जाते. टायमर लावून त्यांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करा. त्याने मोटरीही वाचतात.

शेवटी, आधी मोजा

यातलं काहीही करण्याआधी आठवडाभर वहीत रोजचे युनिट, बाहेरचं तापमान आणि आतलं तापमान लिहा. फ्रीझरला वेगळा छोटा मीटर लावला तर उत्तम. मग जाळी साफ करा आणि पुढचा आठवडा लिहा. फरक स्वतःच्या अक्षरात दिसेल, कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

क्रम असा ठेवा: आधी सफाई आणि मोकळी जागा, मग तापमान आणि दाराचं रबर, मग गळती, मग दिवे-पंखे, त्यानंतर सेटिंग आणि कपॅसिटर, आणि सगळ्यात शेवटी नवं यंत्र. पुढच्या वेळी मेकॅनिक ‘कंप्रेसर बदला’ म्हणाला, तर वही उघडून त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा: जाळी किती अंशांवर आहे आणि कॉइल किती अंशांवर? ज्याला हे दोन आकडे सांगता येत नाहीत, त्याच्या सांगण्यावरून हजारो रुपये खर्च करायची घाई करू नका.